तिसरं रबर

मी, पेरिना सांगालेती, दिवंगत याकोव सांगालेती यांची पत्नी, नावा बांधणारे विन्को क्विंता यांची मुलगी, धंदा पाण्याखालच्या मासेमारीच्या बंदुका करणे, राहणार झाक्लोपातित्सा बंदर, लास्तोवो बेट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. लिहिण्याआधी मी वाइनला हात लावलेला नाही. बेटावरच्या डॉक्टरीणबाईंनी मला आजचा वार विचारला, मुलीचे नाव विचारले आणि आपण कोणत्या देशात राहतो तेही विचारले. देशाच्या प्रश्नाला मी जरा थांबले, कारण याच घरात बसल्या बसल्या माझा देश बदललेला आहे. पण उत्तर बरोबर दिले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

तेव्हा माझे डोके ठिकाणावर आहे. फक्त त्यात एक गोष्ट अशी आहे की तिचा मेळ बसत नाही, आणि ती सांगितल्याशिवाय मला माझ्या वस्तूंची वाटणी करता येत नाही. वकीलबाई म्हणाल्या होत्या, थोडक्यात लिहा. त्यांनी माफ करावे.

याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात असे कलम होते की माझा दीर प्रोस्पेर सांगालेती याने माझ्या अंत्ययात्रेत पाऊल टाकू नये, आणि टाकल्यास पाद्रीबाबांनी प्रार्थना थांबवावी. ते मृत्युपत्र मी रद्द करत आहे. ते सगळेच रद्द, पण विशेषतः ते कलम.

पहिले कलम. घर.

राहते घर, वरचा मजला, अंगण, पावसाच्या पाण्याची टाकी आणि बाहेरची चूल माझी मुलगी मार्येता हिला. ती रियेकाला बंदराच्या कचेरीत नोकरी करते आणि दर रविवारी फोन करते. गेल्या रविवारचे बोलणे असे:

"आई, तळमजल्यावर दोन खोल्या सहज होतील. उन्हाळ्यात पाहुणे लाइन लावतील."

"तळमजल्यावर माझं दुकान आहे."

"आई, तिथं भुसा आहे आणि सरसाचा वास आहे. मी नंतरचं म्हणतेय."

"नंतरचं मी लिहितेच आहे."

"लिहितेयस? म्हणजे काय? बरं वाटत नाहीये का?"

बरे वाटत आहे. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, पण ती पाणबुड्यांच्या तोंडातल्या नळीसारखी थोडी गळत गळत वर्षानुवर्षे चालू शकते असे डॉक्टर म्हणतात. मार्येताने घाबरू नये. घराचे धुराडे पाडू नये. बेटावर त्याच्यासारखे दुसरे नाही. टाकी दर हिवाळ्याआधी चुन्याने पांढरी करावी. तळमजल्याबद्दल पुढे लिहिले आहे, तिथपर्यंत वाचल्याशिवाय रागावू नये.

दुसरे कलम. बँकेत जे असेल ते.

त्यातून माझे पुरणे व्हावे, उरलेले मार्येताला. यावर जास्त लिहिण्यासारखे नाही.

तिसरे कलम. होडी.

माझी लाकडी होडी आणि तिचे इंजिन दोब्रिलाला. दोब्रिला आमची पोस्टवाली. पत्रे वाटून झाली की ती पाण्यात उतरते आणि आज या बंदरात तिच्याइतका नेम कोणाचा नाही. होडीचे इंजिन थंडीत पहिल्या झटक्याला सुरू होत नाही. त्याला शिव्या घालाव्या लागतात. दोब्रिलाला त्या येतात.

चौथे कलम. बंदुका.

दुब्रोवनिकच्या वकीलबाईंनी हा शब्द ऐकताच विचारले, "परवाने आहेत ना?" म्हणून खुलासा करते. या बंदुकीत दारू नसते, गोळी नसते. एक लांब लाकडी दांडा. मागे मूठ आणि चाप. दांड्यावरच्या पन्हळीत पोलादी सळई. आणि पुढच्या तोंडातून ओवलेले जाड रबर. रबर छातीपर्यंत ओढून सळईच्या खाचेत अडकवायचे, श्वास धरून खाली जायचे, मासा समोर आला की चाप ओढायचा. रबर सळईला घेऊन सुटते. एवढेच. पण रबर जेवढ्या जोराने सळईला पुढे ढकलते तेवढ्याच जोराने दांड्याला मागे ढकलते, आणि त्या मागच्या ढकलण्याचा विचार करण्यात माझे आयुष्य गेले.

मी स्वतः कधी खोल गेले नाही. लहानपणापासून माझे कान साथ देत नाहीत. वडिलांच्या होड्यांच्या कारखान्यात तुतीच्या आणि सागाच्या लाकडात मी वाढले. याकोवशी लग्न झाले तेव्हा तो बाजारातली ॲल्युमिनियमची बंदूक वापरत असे. मी ती हातात घेतली आणि म्हटले, ही तर नळाची पाइप आहे. पहिली लाकडी बंदूक मी त्याच्यासाठी लग्नानंतरच्या हिवाळ्यात केली. तेव्हा बेटावर नौदलाचा तळ होता, परदेशी माणसाला इथे पाऊल टाकायला बंदी होती, आणि नौसैनिकांना सुट्टीत मासे मारण्याखेरीज काही उद्योग नव्हता. याकोवची बंदूक बघून ते मागायला लागले. काम वाढले. तेव्हा याकोवचा धाकटा भाऊ प्रोस्पेर माझ्या दुकानात आला.

तो कोर्चुलाच्या गोदीत काम करून आला होता. हात चांगला होता. मत प्रत्येक बाबतीत माझ्या उलट होते.

"वहिनी, हा तू ओंडका केलायस. हा वळवेपर्यंत मासा इटलीला पोचेल."

"आणि तुझी? काडी आहे काडी. जोर आहे, पण डोळे नाहीत."

"तीन रबरं लाव, मग डोळ्यांची गरजच काय?"

"लाव तीन. सळई माशाच्या डोक्यावरून जाईल आणि मूठ तुझ्या तोंडात."

भांडण खरे होते, उगाच केलेले नव्हते. रबर वाढवले की सळई लांब आणि सरळ जाते, हे त्याचे बरोबर. पण दांडा हलका असेल तर धक्क्याने मनगट मागे वाकते आणि सळई तोंडातून बाहेर पडायच्या आतच तोंड वर उचलले जाते, हे माझे बरोबर. धक्का मरावा म्हणून लाकूड जड करावे, तर बंदूक पाण्यात वळत नाही आणि सळई सुटल्यावर बुडायला लागते. सळई जाड करावी तर ती लवकर खाली झुकते. बारीक ठेवावी तर जोराच्या रबरापुढे ती सापासारखी वळवळत जाते. एक गाठ सोडवली की दुसरी आवळते. धक्का बसणारच आहे; तो लाकडात बसावा की माणसाच्या हातात, एवढेच आपल्या हाती असते, असे मी म्हणायची. प्रोस्पेर म्हणायचा, घाबरट सुताराचं तत्त्वज्ञान.

ती आमच्या आयुष्यातली चांगली वर्षे होती. सकाळी वाद सुरू व्हायचा तो ताटातली भाजी आणि मासे गार होईपर्यंत. खडूने टेबलावर रेघा मारायच्या, पुसायच्या. याकोव समोर बसून जेवायचा. मारायचे काम त्याचे, नेम त्याचा, नाव बेटावर त्याचे. एकदा ताट उचलताना तो हसत म्हणाला, "तुम्ही दोघं बोलत असता ना, तेव्हा मला माझ्याच घरात दार वाजवून यावंसं वाटतं." आम्हीही हसलो. प्रोस्पेर म्हणाला, "वाजव की, उघडू आम्ही." आणि आम्ही परत सळईच्या जाडीवर आलो.

पाचवे कलम. अपघात.

मार्येता शाळेत जायला लागली त्या वर्षी, शरद ऋतूत, याकोव उत्तरेच्या खडकांपाशी मासेमारीला गेला. एका कपारीत मोठा मेरू मासा होता. कपार अरुंद, म्हणून कोपर वाकवून, मूठ तोंडाजवळ धरून त्याने चाप ओढला. मूठ मागे आली. पाण्याखाली घालायच्या मुखवट्याची काच फुटून उजव्या डोळ्यात गेली, पुढचे दात गेले. तो स्वतःच्या बळावर वर आला. जाळी ओढायला आलेल्या एका होडीने त्याला उचलले. बंदूक हातातून सुटून खोल गेली. तिथला तळ कोणालाच गाठता येत नाही.

स्प्लितच्या हॉस्पिटलात त्याच्या तोंडाला टाके होते, तरी मी विचारले. विचारल्याशिवाय राहवले नाही.

"कुठली बंदूक होती?"

त्याने तोंड भिंतीकडे वळवले. मग अडखळत म्हणाला, "प्रोस्पेरची. तीन रबरांची."

त्याच्या जिवाचा धोका टळल्यावर, चार दिवसांनी, मी बोटीने परत आले आणि धक्क्यावरून थेट प्रोस्पेरकडे गेले. तो त्याच्या आईच्या दारात उभा होता. मी म्हटले, "तुझ्या बंदुकीनं माझ्या नवऱ्याचा डोळा नेला."

तो म्हणाला, "माझ्या? वहिनी, लाज वाटत नाही? तुझ्या बंदुकीनं माझ्या भावाचा डोळा गेला आणि माझ्या दारात येऊन मलाच बोलतेस?"

मला वाटले, हा स्वतःची कातडी वाचवायला खोटे बोलतो आहे. त्याला माझ्याबद्दल काय वाटले ते मला तेव्हा ठाऊक नव्हते. माझ्या भिंतीवरची एक बंदूक नव्हती, हे खरे. पण ती एका नौसैनिकाला दिली असे याकोवने मला आधीच सांगितले होते. प्रोस्पेरची एक बंदूक याकोवने आठवड्यापूर्वी नेली होती, हेही खरे. तेव्हा मला शंका राहिली नाही.

सहावे कलम. त्यानंतर.

याकोव पुन्हा पाण्यात उतरला नाही. उब्लीच्या धक्क्यावर जहाजांचे दोर पकडून बांधायचे काम त्याने धरले आणि म्हातारा होईपर्यंत केले. एका डोळ्याने अंतर कळत नाही, तरी फेकलेला दोर त्याच्या हातून कधी सुटला नाही. माझ्याशी तो चांगला वागला. उलट आधीपेक्षा चांगला. संध्याकाळी दुकानात येऊन बसायचा, भुसा झाडायचा, "हे लाकूड कुठलं?" असे विचारायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षांत त्याने कधी विचारले नव्हते.

प्रोस्पेरने पासादुरला पुलाजवळ स्वतःचे दुकान काढले. बेटावर दोन पक्ष झाले. माझी बंदूक घेणारा त्याच्याकडे रबर बदलायला जायचा नाही, त्याची घेणारा माझ्या दारावरून मान खाली घालून जायचा. नाताळच्या प्रार्थनेला तो डावीकडे बसायचा, मी उजवीकडे. मध्ये याकोव. तो दोघांशी बोलायचा. कोणी समेटाचे काढले तर हात हलवून म्हणायचा, "जाऊ द्या. दोघंही दगड आहेत."

याकोव वारला तेव्हा प्रोस्पेर स्मशानाच्या फाटकाबाहेर टोपी हातात घेऊन उभा राहिला. मी त्याला आत बोलावले नाही.

सातवे कलम. बोटीवर.

या वसंतात मी हृदयाच्या तपासणीसाठी स्प्लितला निघाले होते. वारा दक्षिणेचा होता, बोट हेलकावे खात होती, आणि खालच्या केबिनमध्ये एकच जागा रिकामी होती, ती माझ्या शेजारची. कोणीतरी कठड्याला धरून आले आणि म्हणाले, "वहिनी, सरक."

एवढ्या वर्षांत त्याने मला उद्देशून काढलेला हा पहिला शब्द. मी सरकले. दुसरे काय करणार? तो पडला असता.

खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी तो चालला होता. मग एका मोठ्या लाटेनंतर तो म्हणाला, "याकोव या बोटीवर आजारी पडायचा. आठवतं?"

"डोळा गेल्यापासून," मी म्हटले. "समोरच्या क्षितिजावर डोळा ठरत नाही म्हणायचा."

"तू तुझ्या बंदुकीला तिसरी खाच पाडायला नको होतीस, वहिनी. मी आता भांडत नाहीये. नुसतं म्हणतोय. तूच म्हणायचीस ना, तीन नको म्हणून."

"मी तिसरी खाच कधी पाडली नाही. आयुष्यात नाही. ती बंदूक तुझी होती."

"कोण म्हणालं?"

"याकोव. हॉस्पिटलात. त्याच दिवशी."

तो माझ्याकडे वळला. समोरच्या बाईची किटली गडगडत पायाशी आली, त्याने ती उचलून दिली आणि परत माझ्याकडे बघितले. "मी दोन दिवसांनी जाऊन त्याला बघून आलो होतो, तू तिथं नसताना. मला म्हणाला, पेरिनाची होती. म्हणाला, तिला काही बोलू नकोस, ती खचेल. म्हणून तू दारात आलीस तेव्हा मी तेवढंच बोलून थांबलो. नाहीतर..."

"मला म्हणाला, प्रोस्पेरला काही विचारू नकोस, त्याला सहन व्हायचं नाही."

"पण तू विचारलंस."

"मी विचारलं."

स्प्लितला उतरताना त्याने माझी पिशवी घेतली. दुखऱ्या खांद्याच्याच हाताने घेतली, आणि मला ते सांगायचे सुचले नाही.

आठवे कलम. हे कलम कोणाला काही देत नाही.

तेव्हापासून मी विचार करत आहे. लिहिले तर मेळ बसेल असे वाटले होते.

एक असे असू शकते: बंदूक माझीच होती, आणि तिसरे रबर याकोवने स्वतः लावले. चोरून खाच पाडली, कारण त्याला जोर हवा होता आणि मी देत नव्हते. मग डोळा गेल्यावर लाज वाटली. सगळ्या बेटावर ज्याचा नेम, त्याने आपल्याच हाताने ही चूक केली हे सांगायचे कसे? हे मला पटते. पण मग एकाचेच नाव पुरे होते. दोघांना दोन वेगळी नावे का सांगितली?

दुसरे असे: त्याला वाटले की आम्ही दोघेही स्वतःला दोष देत बसू. म्हणून त्याने प्रत्येकाला दोष द्यायला दुसरा माणूस दिला. हे प्रोस्पेरचे मत आहे. तो म्हणतो, "तो आपल्याला सांभाळत होता, वहिनी. त्याच्या पद्धतीनं." असे म्हणताना तो माझ्याकडे बघत नाही.

तिसरे मी लिहू की नको असे झाले आहे, पण खोडले तर मृत्युपत्र खोटे होईल. तो त्या दाराबद्दल बोलला होता. आम्ही हसलो होतो. अपघातानंतर माझ्या दुकानात बोलणारा तो एकटाच उरला. भुसा झाडत विचारायचा, हे लाकूड कुठलं. मी सांगायची. मला बरे वाटायचे. आता त्या संध्याकाळी आठवल्या की मला कळत नाही की तो मला सोबत करत होता, की त्याने मिळवलेली जागा राखत होता.

मी त्याच्यावर रागावले आहे का? सकाळी असते. दुपारी त्याचे टाके घातलेले तोंड आठवते आणि राग राहत नाही. मी त्याच्या फोटोला विचारून बघितले. आरशासमोर मोठ्याने बोलून बघितले. माझ्या धंद्यात बंदूक वर मारायला लागली तर कारण सापडते: रबर, लाकूड, सळई, मनगट, यांतलेच काहीतरी असते. इथे मी सगळे तपासून बसले आहे आणि कारण हाती लागत नाही. दोन बंदुका नाहीशा झाल्या होत्या. एक समुद्राच्या तळाशी आहे. कुठली, ते मला कळायचे नाही.

मार्येता, तुला हे माहीत असावे म्हणून लिहिले. तू बापाचा न्याय करू नकोस. मला जमलेला नाही.

नववे कलम. नवी बंदूक.

जूनमध्ये प्रोस्पेर सागाची एक फळी काखेत मारून दारात उभा राहिला. एका जुन्या शिडाच्या जहाजाच्या डेकची फळी, धागा इतका सरळ की मला राहवले नाही. तो म्हणाला, "माझ्या खांद्याला आता जाड रबर ओढवत नाही. मला एक बंदूक हवीय. एकट्यानं करायला जमेना."

"काय जमेना?"

"जोर कमी केला की मासा जातो. जोर ठेवला की खांदा जातो."

"बस," मी म्हटले.

पहिल्या तासाभरात आम्ही भांडलो. मी म्हटले दोन रबरे, तो म्हणाला तीन. मी म्हटले, तुझा खांदा कापलाय, तीन कशी ओढशील? मग रबराचे कात्रण बोटांत फिरवत तो म्हणाला, "बारीक असली तर? तीन, पण बारीक. एकेक ओढायला सोपं. मिळून जोर तोच."

एवढ्या वर्षांत मी तीन या आकड्याशीच भांडत आले होते. रबराच्या जाडीकडे मी लक्षच दिले नव्हते. मी म्हटले, "मग लाकूड मी सांगीन तसं. पुढच्या अर्ध्या भागाला दोन्ही बाजूंनी लाकडाचे फुगीर गाल ठेवायचे. वजन तोंडाकडे, मुठीकडे नाही."

"ओंडका."

"काडी."

दोब्रिलाला बोलावले. बुचाच्या लाकडाचे तुकडे भरलेले पोते धक्क्यापाशी पाण्यात टांगले, त्यावर रंगाचा ठिपका. पहिली सळई पोत्याच्या वरून गेली. आम्ही गालांत शिसे ओतले. मग बंदूक दगडासारखी तळाला गेली आणि दोब्रिला बुडी मारून ती वर घेऊन आली. "मावशी, ही बंदूक आहे की नांगर?" शिसे काढले, गाल रुंद केले, म्हणजे लाकडाचेच वजन वाढेल आणि लाकूड स्वतःला तरंगतेही ठेवील. मग सळई बदलली, एक नंबर जाड. मग रबर बोटभर लांब कापले, म्हणजे ताण किंचित सैल. दर वेळी एकच गोष्ट बदलायची, असे मी म्हणायची. दर वेळी तो गुपचूप दोन बदलायचा आणि मी त्याला पकडायची.

सप्टेंबरात एका दुपारी दोब्रिला पाण्यातून डोके वर काढून नुसती बघत राहिली.

"काय झालं?" प्रोस्पेर ओरडला. "लाथ मारली?"

"नाही, काका. कळलंच नाही. कोणीतरी हाताला नुसता हात लावावा तसं झालं."

प्रोस्पेर मागे वळला आणि उगाच दोर गुंडाळायला लागला. मीही दुकानात आले. आत काही काम नव्हते.

ही बंदूक प्रोस्पेर सांगालेती याला. बाकीच्या, भिंतीवरच्या, मार्येताने हव्या त्याला द्याव्यात, पण शोभेला टांगून ठेवण्यासाठी कोणत्याही उपाहारगृहाला देऊ नयेत.

तळमजल्यावरचे दुकान, यंत्रे, पटाशा, रंधे, लाकडाचा साठा आणि किल्ली प्रोस्पेर हयात असेपर्यंत त्याच्या वापरात राहील, त्यानंतर मार्येताचे. मार्येता, पाहुण्यांना तोवर वर झोपव. त्यांना भुशाचा वास आवडेल. न आवडला तर त्यांनी दुसरीकडे जावे.

दहावे कलम. पुरणे.

याकोवच्या दगडावर माझे नाव कोरून ठेवले आहे, साल तेवढे मोकळे आहे. उन्हाळाभर मी ठरवत होते की तिथे जायचे नाही, वडिलांच्या शेजारी जायचे. मग एक दिवस त्याच्या कबरीवरचे गवत काढायला गेले, काढले, पाणी घातले आणि परत आले. कोणी सांगितले नव्हते. सवयीने गेले होते. येताना मनात काही ठरलेले नव्हते, पण ठरल्यासारखे वाटत होते.

मला याकोवशेजारीच पुरावे. याचे कारण मला विचारू नये. मला ते सांगता यायचे नाही.

प्रोस्पेरने फाटकाच्या आत यावे.

अकरावे कलम. साक्षीदारांबाबत.

हे कलम मी आज, सह्यांच्या दिवशी, वाढवले आहे, कारण वर सगळे लिहून झाल्यावर थोडा घोटाळा झाला. साक्षीदार म्हणून मी प्रोस्पेर आणि दोब्रिला यांना बोलावले होते. प्रोस्पेर अंत्ययात्रेचा कोट घालून आला. दोब्रिलाने वकीलबाईंनी पाठवलेला कागद मोठ्याने वाचला: मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केल्यास त्याला दिलेले रद्द होते.

"मग मी बाद," दोब्रिला म्हणाली. "मला होडी मिळतेय ना, मावशी? मिळतेय ना?"

"मिळतेय."

प्रोस्पेरने पेन उघडले होते. त्याच्याबद्दल सगळ्या बेटाला ठाऊक आहे की या घरातून त्याने इतक्या वर्षांत खिळासुद्धा घेतला नाही. माझ्या वडिलांनी त्याच्यासाठी ठेवलेला रंधाही त्याने परत पाठवला होता. मला वाटले, तो आता म्हणेल, मला काही नको, आणि सही करून मोकळा होईल. मी त्याला अडवणार नव्हते.

तो म्हणाला, "मला काय दिलंयस?"

"वाचायचं नसतं आधी."

"वहिनी, काय दिलंयस ते सांग."

"बंदूक. आणि तू आहेस तोवर दुकान."

मग त्याने पेनाला टोपण लावले आणि ते माझ्यासमोर ठेवले.

"मी सही करत नाही."

"रागावलास?"

"नाही," तो म्हणाला. "मला हवंय."

मग तोच उठून दुसरे साक्षीदार शोधायला बाहेर गेला. दारातून डोके परत आत घालून म्हणाला, "आणि मरायची घाई करशील तर याद राख. अजून ती बंदूक बोटभर डावीकडे मारते."

हे मी जसेच्या तसे लिहिले आहे. यात कायद्याला विरोध होण्यासारखे काही असल्यास ते माझे बोलणे नसून त्याचे आहे.

वर जे लिहिले ते मी पुन्हा वाचले. तिसऱ्या आणि नवव्या कलमात खाडाखोड आहे, ती माझ्याच हातची. आठव्या कलमात खाडाखोड नाही. तिथे मला काय खोडावे ते कळले नाही. खालील दोघांच्या डोळ्यांदेखत, दिवसाउजेडी, मी हे माझे मृत्युपत्र म्हणून सही करून पुरे करत आहे.

(सही) पेरिना सांगालेती

आम्ही खाली सही करणारे तिला ओळखतो, ती आमच्यासमोर आपणहून सही करत होती, आणि या कागदातून आम्हाला काहीही मिळत नाही:

(सही) स्त्येपो बार्बिच, खानावळ चालवणारा, झाक्लोपातित्सा. जाळे दुरुस्त करता करता उठून आलो.

(सही) आने बार्बिच, वरील याची पत्नी

झाक्लोपातित्सा, लास्तोवो बेट
संत मार्टिनच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबर २०२४